मोरीतल्या मापाच्या भांड्याचा राग

मी एक जुने मापाचे भांडे आहे. कसले माप, असे विचाराल म्हणून आधीच सांगते. मित्रांनो, मी लघवी मोजण्याचे भांडे आहे. मुरडलीत ना नाके? मुरडा, मला सवय आहे. आयुष्यभर माझ्याकडे ज्याने पाहिले, त्याने नाक मुरडूनच पाहिले. पण आज मी गप्प बसणार नाही. मला राग आला आहे, तो जुना आहे, आणि तो ऐकल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही.

एका मोठ्या रुग्णालयात बायकांचा वॉर्ड आहे. वॉर्डाच्या टोकाला मोरी आहे. तिथे एक गळका नळ, एक दगडी ओटा, भिंतीला टेकवलेले खराटे आणि वर एक फळी. त्या फळीवर माझा संसार. खिडकीची काच दुधी असल्यामुळे बाहेरचे मी कधी काही पाहिले नाही. आत मात्र पुष्कळ पाहिले.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे तापवून, साच्यात ओतून आम्हा भावंडांना घडवले. सगळी सारखीच, पांढुरकी, आरपार दिसणारी. मग आम्ही रेघा छापणाऱ्या बाईंच्या हाताखाली गेलो. त्या मोठ्या कडक होत्या. एका हाताने भांडे फिरवायच्या, दुसऱ्या हाताने तळापासून गळ्यापर्यंत लाल रेघा उमटवायच्या. खाली दहा, वीस, तीस मिलिलिटर अशा बारीक, वर शंभराच्या जाड. एखादी रेघ केसभर सरकली तरी भांडे टोपलीत भिरकावून द्यायच्या.

एकदा शेजारची कामगार म्हणाली, "अहो, एवढंसं तर सरकलंय. कोण बघतंय?"

"रेघ खोटी तर भांडं खोटं," बाई म्हणाल्या. "पुढं कुणाचं काय त्याच्यावर अवलंबून असेल, तुला ठाऊक आहे का?"

तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. पण ते वाक्य मी रेघांसोबत अंगावर घेऊन निघाले.

माझी निम्मी भावंडे भांड्यांच्या दुकानात गेली. त्यांच्यात आता दूध मोजतात, सरबत ढवळतात, पाहुण्यांपुढे ठेवतात. माझ्या वाट्याला ही मोरी आली. सुरुवातीला मी फार रडले. मग हळूहळू कळू लागले की सरबताच्या भांड्याला जे कधीच कळणार नाही, ते मला कळते. माझ्यात जे ओतले जाते, त्यावरून माणसाच्या आत काय चालले आहे, याची बातमी मला लागते. तीही पुष्कळदा सगळ्यांच्या आधी.

आता तुम्हाला शॉक म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. विजेची तार नव्हे. तुमच्या परीक्षेचा निकाल ऐकून मामांना बसतो, तोही नव्हे. डॉक्टर ज्याला शॉक म्हणतात, तो म्हणजे अंगातल्या अवयवांपर्यंत पुरेसे रक्त न पोहोचणे. रक्त पोहोचले नाही की प्राणवायू पोहोचत नाही, आणि प्राणवायू नाही म्हणजे अवयव उपाशी. बस, एवढेच. आणि एवढ्याने माणूस मरतो.

तुमच्या इमारतीत नळाला पाणी येत नाही, तेव्हा काय काय बिघडलेले असू शकते, आठवा. टाकी रिकामी असेल. पंप बंद पडला असेल. पाइपात काहीतरी अडकले असेल. किंवा पाइप इतके सैल, इतके रुंद झाले असतील की होते तेवढे पाणी त्यांतच पसरून बसले आणि वरच्या मजल्यापर्यंत जोरच राहिला नाही. शॉकचेही असेच चार घोळ आहेत, आणि या मोरीत मी ते चारही पाहिले.

छपरावर पत्रे बसवणारी एक बाई पडली होती. बाहेर रक्ताचा थेंब नाही, म्हणून सगळे निर्धास्त. ती फक्त "पाणी द्या, पाणी द्या" म्हणत होती आणि घामाने थंडगार पडली होती. रक्त पोटातल्या पोटात वाहत होते. तिची टाकी रिकामी होत होती. उलट्या-जुलाबांनीही टाकी अशीच रिकामी होते, तेव्हा जुलाबाला हसत जाऊ नका. दुसरी एक गाण्याची शिक्षिका होती, तिला आलेला हृदयविकाराचा झटका मोठा होता. तिचा पंपच दमला होता. तिला कोणीतरी घाईत भराभर सलाइन चढवू लागले, तर पाणी फुप्फुसात साचून ती बुडायच्या बेताला आली. मधमाश्या पाळणारी एक बाई आली, ओठ टम्म सुजलेले, अंगभर खाजऱ्या गांधी उठलेल्या. तिचे पाइप क्षणात सैल पडले होते. मांडीत एक इंजेक्शन दिले आणि ती सुधारली. पाण्यात सूर मारताना जिची मान मोडली, त्या मुलीचेही पाइपच सैल पडले होते, पण तिचे अंग गरम आणि नाडी संथ, म्हणून बघणारे फसले. आणि पायाला प्लास्टर असलेली एक नर्तिका उठून उभी राहिली मात्र, तिच्या पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या वाटेत जाऊन अडकली. ती परत वॉर्डात आली नाही.

या सगळ्यांच्या बाबतीत माझ्यातला आकडा मात्र एकच गोष्ट सांगत होता. तो खाली खाली येत होता.

का, ते ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला समजेल. रक्त कमी पडू लागले की शरीर वाटणीला बसते. मेंदूला आधी, हृदयाला आधी. मानाच्या पाटावर बसलेले ते दोघे. बाकीच्यांनी आवरते घ्यायचे. कातडी थंड पडते, तिने तक्रार करायची नाही. आतडी उपाशी, त्यांनी गप्प राहायचे. आणि सगळ्यांत आधी ज्यांचे ताट ओढले जाते त्यांत असतात माझ्या मैत्रिणी, दोन्ही किडन्या. बिचाऱ्या मुकाट्याने पाणी धरून ठेवतात, थेंबही बाहेर सोडत नाहीत, म्हणजे वरच्या दोघांना पुरेल. धडधाकट मोठ्या माणसाला तासाला निदान दोन मोठे चमचे तरी लघवी व्हावी. ती आटली, म्हणजे किडन्या सांगत असतात की आमचे ताट ओढले, घरात काहीतरी मोठे बिघडले आहे. हे त्या तोंडाने बोलू शकत नाहीत. त्या माझ्या रेघांमधून बोलतात. आणि माझ्याकडे पाहायला कोणाला वेळ नाही!

शॉकची पहिली पायरी गप्प असते, कोणालाच काही कळत नाही. दुसरीला शरीर सावरू पाहते. नाडी धावते, श्वास भराभर चालतो, लघवी आटते, पण रक्तदाब मात्र ठीक दिसतो. लोक रक्तदाबाचा आकडा पाहून समाधानाने मान डोलावतात. माझा आकडा कोण बघणार? तिसरीला सावरणे संपते आणि घसरण सुरू होते. चौथीवरून कोणी परत येत नाही. माणसाला वाचवायचे असेल तर दुसऱ्या पायरीवर धरले पाहिजे, मित्रांनो. दुसऱ्या पायरीवर माझ्याइतके मोठ्याने ओरडणारे दुसरे कोणी नाही. आणि माझ्याच तोंडात एकदा बोळा कोंबला गेला.

त्या बाईला सगळे बसताई म्हणत. शाळेची बस चालवायची ती. खणखणीत आवाजाची, मोठ्या हाडाची. बसच्या पायरीचा पत्रा लागून तिची नडगी कापली होती. तिने फडके बांधले आणि बस चालवत राहिली. "मी सुट्टी घेतली तर पोरांना काय तुम्ही खांद्यावर नेणार?" असे सगळ्यांना दटावत राहिली. जखम चिघळली, पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला, हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे ती आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आली.

सोबतीला तिची धाकटी बहीण होती. केस कापण्याच्या दुकानात काम करणारी, नाजूक बोटांची, घाबरट. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून या धाकटीला लहानपणापासून बसताईनेच वाढवलेले. ताईवर तिचा जीव होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडले ते वैराने घडले नाही. वैराने घडले असते तर माझा राग केव्हाच शमला असता.

आमच्या वॉर्डाची एक पद्धत होती. खाटा भरलेल्या, सिस्टर मोजक्या. म्हणून रोग्याचे नातलगच खाटेवरचे भांडे उचलून मोरीत आणत, माझ्यात ओतत आणि दारातूनच आकडा ओरडून सांगत. तिकडून सिस्टर "बरं!" म्हणत आणि लिहून घेत. कोणी आत येऊन पाहत नसे. एवढे शिकलेले लोक, एवढी यंत्रे, आणि माझ्या रेघा वाचायचे काम गांगरलेल्या नातलगांवर! मला हे पहिल्या दिवसापासून पसंत नव्हते. पण मोरीतल्या भांड्याला कोण विचारतो?

त्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. तरुण, हुशार, आणि सदा घाईत. त्यांनी बसताईची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. हात गरम होते. जंतूंचा शॉक असाच असतो, मित्रांनो. जंतूंच्या विषाने पाइप सैल पडतात, म्हणून सुरुवातीला अंग गरम आणि गुलाबी दिसते, आणि बघणारा फसतो. पण डॉक्टर अगदीच फसले नाहीत. ते सिस्टरला म्हणाले, "नाडी फार पळतेय. सलाइन वाढवा, नवं औषध सुरू करा, आणि लघवीवर लक्ष ठेवा." मग धाकटीकडे वळून, चालता चालता, "संध्याकाळपर्यंत पुरेशी लघवी झाली नाही तर हिला वर न्यावं लागेल," असे म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वर म्हणजे अतिदक्षता विभाग. डॉक्टरांच्या दृष्टीने वर म्हणजे जास्त यंत्रे, जास्त लक्ष, जास्त आशा. पण या बहिणींच्या वडिलांना कधीकाळी याच रुग्णालयात वर नेले होते. वर गेले ते गेलेच. तेव्हापासून त्या घरात 'वर नेणे' याचा एकच अर्थ होता. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते, कबूल. पण दोन वाक्ये जास्त बोलायला काय हरकत होती? वर का नेतात, एवढे सांगायला काय जड झाले होते? मला अजून कळलेले नाही.

धाकटी मोरीत आली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, लघवी झाली नाही तर वर नेणार म्हणतात गं."

पलीकडचा थरथरता आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "नको गं बाई! काय वाट्टेल ते कर, पण तिला वर नेऊ देऊ नकोस. तुझ्या बाबांना नेलं तेव्हा मी गप्प बसले. तू बसू नकोस."

"मी काय करू पण?"

"मला नाही माहीत. बघ काहीतरी. शपथ आहे तुला माझी."

फोन बंद झाला. धाकटी बराच वेळ नळाकडे पाहत उभी राहिली.

दुपारी ती खाटेवरचे भांडे घेऊन आली. तळाशी जेमतेम ओल होती, काळ्या चहासारखी. तिने ती माझ्यात ओतली. दहाच्या रेघेलाही पोहोचली नाही. मी ओरडत होते, मित्रांनो! माझी ती रिकामी पोकळी म्हणजेच माझे ओरडणे. आता जा, सांग त्यांना, दारातून ओरड, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे!

तिने नळ सोडला.

गार पाणी माझ्या अंगातून वर चढू लागले. पन्नास. शंभर. दोनशे. मग तिने नळ बंद केला, डोळे पुसले आणि दारात जाऊन म्हणाली, "दोनशे!"

"बरं!" तिकडून सिस्टरचा आवाज आला. "छान झाली की!"

रेघ खोटी तर भांडे खोटे, हे मी शिकले होते. रेघ खरी असून भांडे खोटे ठरवता येते, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या खऱ्या रेघांनी एक धडधडीत खोटे सांगितले आणि वॉर्डभर ते खरे मानले गेले. त्या क्षणी कोणी मला उचलून फरशीवर आपटले असते तरी मला चालले असते.

वॉर्डात काम करणाऱ्या मावशी चादर बदलायला गेल्या, तेव्हा बसताई त्यांना म्हणाली, "सकाळपासून मला धड लागलीच नाही हो." हे मावशींनीच नंतर मोरीत खराटा आपटत सांगितले. त्यांना वाटले, बाई तापात आहे, विसरली असेल; बहिणीने तर दोनशे सांगितले. बघा म्हणजे! जिची लघवी, तिचे खरे नाही आणि भांड्यातल्या नळाच्या पाण्याचे खरे! तिला एकाही माणसाने विचारले नाही, की बाई गं, तुला झाली का?

दुपार उतरली तशी तिसरी पायरी आली. बसताई बडबडू लागली. "चला, उतरा, दप्तरं घ्या, शेवटचा थांबा!" असे मोठमोठ्याने म्हणू लागली. मानाच्या पाटावरच्या मेंदूचेही ताट आता रिकामे होऊ लागले होते. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसल्या. "झोपेतही बस चालवतेय!" धाकटीही ओठातल्या ओठात हसली, पण तिचे हसू टिकले नाही. तिने ताईचा हात धरला, तर तो आता गार लागला. ती घाबरली. आणि घाबरून तिने काय केले? पुन्हा मोरीत आली, मला उपडे करून पुन्हा नळ सोडला, पुन्हा दारातून ओरडली. या वेळी "दीडशे."

डॉक्टर आले, तेव्हा रक्तदाब खाली गेला होता. मोरीचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"लघवी किती?"

"दुपारी दोनशे, आत्ता दीडशे," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे किडन्या व्यवस्थित चालल्यात. मग हे काय?" डॉक्टर स्वतःशीच बोलत होते. "तापाच्या औषधाची गुंगी की काय? की हृदयाचं काही? मग सलाइन जरा बेतानंच."

ऐकलेत? सलाइन बेताने! जिच्या अंगाला पाणी हवे होते, तिचे पाणी माझ्यातल्या पाण्यामुळे थांबले. गाण्याच्या शिक्षिकेची गोष्ट त्यांना आठवली असणार, आणि आठवली यात त्यांची चूक नव्हती. खोट्या आकड्यावरून खरी बुद्धी चालवली की असेच होते. मी फळीवर जळफळत होते. अंगात दीडशेपर्यंत नळाचे पाणी, आणि तोंडातून शब्द नाही.

पण जाता जाता डॉक्टर थांबले. "सिस्टर, लघवी फेकली नसेल तर त्यातली थोडी तपासायला पाठवा."

आयुष्यात पहिल्यांदा वॉर्डाच्या मुख्य, थोरल्या सिस्टर मला पाहायला मोरीत आल्या. हातात छोटी बाटली होती. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि त्या थबकल्या. हातमोज्यातूनही त्यांना जाणवले. ताजी लघवी कोमट असते, मित्रांनो. आणि तापाच्या माणसाची तर असतेच. मी गार होते. त्यांनी मला उजेडाकडे धरले. ना धड रंग, ना वास.

"हे कुणाचं?" त्यांनी हाक मारली.

धाकटी दारात आली. "ताईचं."

"केव्हाचं?"

"आत्ताचं. आत्ताच झाली."

"तापानं फणफणलेल्या बाईची लघवी बर्फासारखी? माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघून सांग."

धाकटीने पाहिले आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. "सिस्टर, तुमच्या पाया पडते, तिला वर नेऊ नका."

"मी काय विचारतेय?"

"नळाचं आहे. दुपारचंही नळाचंच. तिला सकाळपासून धड झालीच नाही."

थोरल्या सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. मला वाटले, त्या आता हिच्या कानाखाली वाजवतील. नाही वाजवली. मला ओट्यावर ठेवून त्या धावत सुटल्या. जाता जाता एवढेच म्हणाल्या, "अगं, वर न्यायला हवं का, ते कळावं म्हणूनच तर मोजत होतो!"

मग वॉर्डात एकच धावपळ उडाली. दोन्ही हातांत सुया, सलाइन पूर्ण सोडलेले, नाकावर प्राणवायू. आणि बसताईला वर नेले. तिच्या खाटेची चाके मोरीच्या दारावरून गेली. "थांबा सुटला की काय गं?" असे काहीतरी ती पुटपुटत होती. धाकटी मागून धावली. तिची एक चप्पल दारातच राहिली.

वर मी जात नाही. वर नळ्या असतात, पिशव्या असतात, तिथे माझ्यासारख्यांना जागा नाही. बातम्या मला मोरीतच कळल्या. मावशी खराटा धूत आणि सिस्टरना विचारत, मी ऐकत असे. सैल पाइप आवळायचे औषध सुरू केले. जखम कापून साफ केली. फुप्फुसे सुजली, म्हणून श्वासाचे यंत्र लावले. यकृत दमले, कातडी पिवळट झाली. रक्त नको तिथे गोठू लागले आणि हवे तिथे गोठेना. किडन्यांनी तर अंगच टाकले होते, म्हणून रक्त यंत्रातून धुवून घ्यावे लागत होते. शॉक एका जागी थांबत नाही, मित्रांनो. एका अवयवाची उपासमार दुसऱ्याच्या दारात जाते. आणि हे सारे दुपारीच अडवता आले असते. दुपारीच!

धाकटी वरच्या जिन्याशी बसून असायची. तिथेही बसू देत नसत, तेव्हा ती आमच्या मोरीत येऊन रडायची. एकदा तिने मला उचलले आणि घासू लागली. राखेने घासावे तसे घासले, रेघा जातील इतकी. "माझ्यामुळं झालं," ती मला सांगत होती. "माझ्यामुळं. माझ्यामुळं." हो, तुझ्यामुळेच! मी मनात ओरडले. पण तुझ्या एकटीमुळे नाही गं. दारातून आकडे ओरडायच्या पद्धतीमुळे. चालता चालता 'वर नेऊ' म्हणणाऱ्यांमुळे. आजारी माणसाला सोडून भांड्याला विचारणाऱ्यांमुळे. आणि शपथा घालणाऱ्यांमुळेही. माझा राग एवढा मोठा होता की तो एका पोरीच्या अंगावर टाकून मला भागणार नव्हते.

मध्ये कितीतरी दिवस गेले. मग एके सकाळी मोरीबाहेर गडबड झाली आणि मावशी धावत आल्या. "आली बाई खाली! आली!"

बसताई वरून खाली आली होती. चाकाच्या खुर्चीवर, निम्मी उरलेली, आवाज बसलेला. पण आली. त्या घरातले वर गेलेले पहिलेच माणूस खाली आले होते. रक्त धुण्यासाठी तिला अजून एक दिवसाआड यंत्राला लावत. किडन्या पुन्हा चालू लागतील की नाही, कोणी सांगू शकत नव्हते. त्या चालू लागल्या तर सुटका, नाहीतर जन्मभर यंत्र. सगळे आता माझ्याकडे डोळे लावून बसले होते. माझ्याकडे!

आणि एका दुपारी बसताई म्हणाली, "मला लागलीय गं."

धाकटी दोन्ही हातांनी सांभाळत मोरीत आली. तिने खाटेवरचे भांडे माझ्यात रिकामे केले. कोमट. खरी. मी ती अंगात घेतली आणि स्थिर राहिले, शक्य तितकी स्थिर, रेघ नीट वाचता यावी म्हणून.

"किती?" थोरल्या सिस्टर खाटेपासूनच म्हणाल्या, आणि मग स्वतःच उठून मोरीच्या दाराशी आल्या. नळाचे पाणी सापडले त्या दिवसापासून त्या दारात उभ्या राहून स्वतः पाहू लागल्या होत्या.

धाकटीची नजर रेघेवर होती, आणि मग, मी शपथेवर सांगते, ती नजर एकदा नळाकडे गेली.

खाटेवरून बसताईचा बसका आवाज आला. तिला एव्हाना सगळे कळले होते. "ए धाकटे! मी बस चालवते ना? थांबा आवडो न आवडो, जो आला त्याचंच नाव घ्यावं लागतं. नाहीतर पोरं चुकीच्या ठिकाणी उतरतात. सांग मोठ्यानं."

धाकटीने नळाकडे पाठ केली. मला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरले आणि दारात उभी राहून, रडत रडत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडली, "तीस!"

एवढासा आकडा. सरबताच्या भांड्यात तळालाही दिसणार नाही एवढा. पण थोरल्या सिस्टरनी वाकून माझी रेघ पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "तीसच," त्या म्हणाल्या. "लिहिते मी."

त्यानंतर आकडा रोज थोडा थोडा वाढत गेला. यंत्र सुटले, पण किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. औषधे आणि पथ्य जन्माचे मागे लागले. बसताईला घरी सोडले तेव्हा ती काठीवर होती. ती पुन्हा बस चालवते की नाही, हे मला मोरीतून दिसत नाही.

आता मी जुने झाले आहे. त्या घासण्याने माझ्या वरच्या रेघा पुसट झाल्या, म्हणून मला मापातून काढले आणि माझ्यात फिनाईल ढवळू लागले. त्याचाही मला राग आहे, पण तो लहान राग आहे. मोठा राग तुम्हाला सांगितला.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारी पडले आणि त्याची लघवी आटली, हात गार पडले, ते भलतेच बोलू लागले, तर 'झोपू दे, बरे वाटेल' म्हणू नका, लगेच धावा. डॉक्टर वर न्यायचे म्हणाले तर का, ते विचारा; आणि तुम्ही डॉक्टर झालात तर न विचारता सांगा. आजारी माणसाला आधी विचारा, भांड्याला नंतर. आणि माझ्यासारख्या कोणाला हाताळाल तेव्हा एक करा. आकडा लहान असला तर लहानच सांगा. तळाच्या माझ्या बारीक रेघा अजून शाबूत आहेत. तीसची रेघ तर स्पष्ट वाचता येते.